बार्शीची पोरं लंडनला नेताना

सहल कंपन्यांच्या पत्रकात 'लंडन दर्शन' असा एक दिवस असतो. बसमध्ये बसा, खिडकीतून बिग बेन बघा, उतरा, फोटो काढा, पुन्हा चढा. तरुण मुलांसाठी ही पद्धत काही कामाची नाही, असं माझं ठाम मत आहे. बार्शी तालुक्यातली कॉलेजच्या वयाची पोरं-पोरी घेऊन आम्ही लंडनला गेलो, तेव्हा एकच नियम केला होता. प्रत्येकानं एक जागा आपली म्हणून घ्यायची, निघायच्या कितीतरी आधीपासून तिच्याबद्दल वाचायचं आणि तिथं पोचल्यावर त्याच जागी उभं राहून बाकीच्यांना ती मराठीतून समजावून सांगायची. जागा निवडायची अट अशी, की तिचा बार्शीशी, सोलापूर जिल्ह्याशी किंवा निदान महाराष्ट्राशी काही संबंध असला पाहिजे. पुढं कुणी अशी पोरं घेऊन निघणार असेल तर उपयोगी पडावं म्हणून त्यातले अनुभव लिहून ठेवतोय.

१. कागदपत्रांचं काम दिवाळीच्या सुट्टीतच काढा

उन्हाळ्यात जायचं तर पासपोर्टचे अर्ज आदल्या दिवाळीत भरून झाले पाहिजेत. अर्ज ऑनलाइन, तपासणी सोलापूरच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात, मग पोलीस पडताळणी. ही साखळी सरळ आहे. खरी अडचण नावात असते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. आधार कार्डावर क्रम उलटा. शाळेच्या दाखल्यावर वडिलांच्या नावापुढं 'राव', बाकी कुठंच नाही. पासपोर्टात आडनावाचा रकाना वेगळा आणि नावाचा वेगळा. घाईत भरलेल्या अर्जात सगळं नाव एकाच रकान्यात जातं, आडनावाचा रकाना कोरा राहतो आणि पुढं व्हिसाला आणि विमानाच्या तिकिटाला त्याचा ताप होतो. म्हणून आधी एक रविवार सगळ्यांना बोलवा, प्रत्येकाचे सगळे कागद सतरंजीवर मांडा आणि अक्षर अन् अक्षर ताडून बघा. अठराच्या आतल्या मुलांसाठी आई-वडील दोघांच्याही सह्या लागतात. वडील पुण्याला कंपनीत असले तर ते सणाला गावी येतील तेव्हा सही घेऊन टाकायची.

व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला पुण्याला जावं लागतं. नोकरदारांच्या मुलांचं सोपं असतं, पगाराची चिठ्ठी आणि बँकेचं पुस्तक जोडलं की झालं. शेतकऱ्याच्या पोराचं उत्पन्न कसं दाखवायचं? आम्ही सातबारा, आडत्यानं दिलेल्या तुरीच्या आणि सोयाबीनच्या पट्ट्या, दूध संघाचा हिशेब असं सगळं लावलं. त्यातला प्रत्येक मराठी कागद इंग्रजीत करून, भाषांतर करणाऱ्याचं नाव, सही, तारीख घालून जोडला. सोबत एका पानात साध्या शब्दांत लिहिलं, की हे कुटुंब काय पिकवतं, पैसा वर्षात कधी येतो आणि खात्यात तो कधी दिसतो. आपल्याकडचा पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही, हंगामाला येतो. ही गोष्ट तपासणाऱ्या माणसाला कुणीतरी सांगितली पाहिजे.

२. कुणाच्याही घरचं सोनं गहाण पडता कामा नये

हे मी पालकांच्या पहिल्या बैठकीतच सांगितलं. पोरगं हुशार आहे म्हणून आई पाटल्या काढून द्यायला तयार होते. आपण त्या पैशाला हात लावायचा नाही. आम्ही भिशी लावली, अगदी बायका लावतात तशी. दरमहा ठरलेली रक्कम, वहीवर सही, पैसा बँकेत. ज्यांना हप्ता झेपत नव्हता त्यांच्यासाठी मार्केट यार्डातल्या काही व्यापाऱ्यांनी आणि बार्शीतून शिकून बाहेर गेलेल्यांनी मदत केली. कुणाचे पैसे कुठून आले हे मुलांना कळू दिलं नाही.

सहल कंपनीचा आकडा ऐकताना त्यात काय नाही ते विचारा. व्हिसाची फी, विमा, दुपारचं जेवण, शहरातला प्रवास या गोष्टी बहुतेक वेळा बाहेर असतात. आम्ही विमान आणि राहण्याची सोय तेवढी त्यांच्याकडून घेतली, बाकी शहरातलं सगळं पोरांनी ठरवलं. लंडनची मोठी सरकारी संग्रहालयं बघायला तिकीट लागत नाही, हे कळल्यावर निम्मा ताण गेला.

३. बार्शीचा धागा धरून गेलं तर लंडन परकं राहत नाही

या मुद्द्यावर मी जास्त बोलणार आहे, कारण आमच्या सहलीचा जीव यात होता.

बार्शी लाईट रेल्वे आमच्या भागातल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे. आजोबांच्या तोंडी तिच्या गोष्टी असतात. पण ती रेल्वे चालवणारी कंपनी १८९५ साली लंडनमध्ये स्थापन झाली होती, हे किती जणांना माहीत असतं? एव्हरार्ड काल्थ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर आधी जीआयपी रेल्वेत नोकरीला होता. जीआयपीचा मुख्य मार्ग बार्शी शहरापासून वीस-एकवीस मैल लांबून गेला. स्टेशनाला नाव दिलं बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी. बार्शीच्या पेठेतला कापूस आणि धान्य तिथवर बैलगाड्यांनी जायचं. काल्थ्रॉपनं ठरवलं, की या पेठेला अडीच फुटी छोटी रेल्वे द्यायची. त्याचं म्हणणं असं, की वजन सगळ्या चाकांवर सारखं वाटलं आणि एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ दिला नाही, तर हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो. १८९४ मध्ये त्यानं इंग्लंडात लीड्सजवळ आपले डबे प्रत्यक्ष चालवून दाखवले. १८९७ साली बार्शीची गाडी सुरू झाली. मग ती पंढरपूरला गेली, लातूरला गेली, १९२७ मध्ये मिरजेला पोचली. १९५४ साली भारत सरकारनं ती ताब्यात घेतली.

हा विषय ज्या मुलानं घेतला त्याचे आजोबा कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात होते. त्याला वाचता वाचता कळलं, की काल्थ्रॉपनं पुढं पॅराशूट बनवलं. त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, म्हणजे रोल्स-रॉइसमधला रोल्स, १९१० मध्ये विमान कोसळून गेला. त्यानंतर काल्थ्रॉप वैमानिकांचा जीव वाचवण्याच्या मागं लागला. त्याच्या पॅराशूटचं नाव 'गार्डियन एंजल'. ते भरवशाचं आहे हे लोकांना पटावं म्हणून १९१७ साली ऑर्ड-लीज नावाच्या अधिकाऱ्यानं लंडनच्या टॉवर ब्रिजवरून थेम्समध्ये उडी मारली. हा तोच ऑर्ड-लीज, जो शॅकल्टनबरोबर अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेला होता. उंची दीडशे फुटांच्या आसपास. इतक्या कमी उंचीवरून पॅराशूट उघडतं का, हाच तर प्रश्न होता. ते उघडलं.

टॉवर ब्रिजवर रोज हजारो माणसं फोटो काढतात. आमची पोरं तिथं कठड्याला टेकून उभी होती, आणि कुर्डुवाडीच्या कारखान्यातल्या माणसाचा नातू त्यांना सांगत होता, की ज्यानं आपल्याला रेल्वे दिली, त्याच्याच पॅराशूटची परीक्षा या पुलावर झाली. हा पूल १८९४ मध्ये खुला झाला, म्हणजे काल्थ्रॉप लीड्सजवळ आपले डबे चालवून दाखवत होता त्याच वर्षी. त्यानंतर तो पूल आमच्यासाठी चित्रातला राहिला नाही.

याच मुलानं घरून एक सुतळी आणली होती. तिला एका टोकापासून मोजून तीन गाठी मारलेल्या: पहिली ७६२ मिलिमीटरवर, ती बार्शी लाईटची. दुसरी १४३५ वर, ती लंडनच्या रुळांची. तिसरी १६७६ वर, ती आज बार्शीवरून जाणाऱ्या ब्रॉडगेजची. बेकर स्ट्रीट स्टेशनात १८६३ पासूनचे फलाट आहेत, जगातल्या पहिल्या भुयारी रेल्वेचे. विटांच्या कमानी, भिंतीत वर गेलेले उजेडाचे झरोके. तिथं बाकड्यावर त्यानं सुतळी ताणून धरली. पोरं वाकून बघत होती. पहिल्या गाठीपाशी बोट ठेवून एकजण म्हणाला, "एवढ्याशा रुळावरनं लातूरला जायचे व्हय लोक?" मग तिसऱ्या गाठीकडं लक्ष गेलं. आज बार्शीचा रूळ लंडनच्या रुळापेक्षा रुंद आहे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गोऱ्या गृहस्थानं हे काय चाललंय म्हणून विचारलं, आणि जो मुलगा विमानात पाणी मागायलाही लाजत होता, त्यानं त्यांना सगळी गोष्ट इंग्रजीत सांगितली. व्याकरण तुटत होतं, पण त्याचं काही अडलं नाही. सांगण्यासारखं काही जवळ असलं की भाषा मागून येते, हे मी तिथं बघितलं.

४. सरकत्या जिन्याची तालीम घरीच करा

आमच्यातल्या बऱ्याच पोरी सरकत्या जिन्यावर कधी चढलेल्या नव्हत्या. व्हिसासाठी पुण्याला गेलो तेव्हा मुद्दाम एका मॉलमध्ये नेऊन चार-चार फेऱ्या मारायला लावल्या. लंडनच्या भुयारी रेल्वेत हे जिने लांबलचक असतात, मागून घाईची माणसं येतात आणि उभं राहायचं ते उजव्या बाजूला, डावी बाजू चालणाऱ्यांसाठी मोकळी.

दुसरा नियम रोज सकाळी म्हणून घेत होतो. दार बंद झालं आणि तू डब्यात, बाकीचे फलाटावर, तर पुढच्या स्टेशनात उतर आणि तिथंच थांब. फलाटावर राहिलास तर हलू नकोस. फोनला रेंज मिळेल या भरवशावर राहू नका. नियम साधा आहे, पण सगळ्यांना तो एकसारखा माहीत असला तरच चालतो. ऑक्सफर्ड सर्कसच्या गर्दीत पांगरीची एक पोरगी खरंच पुढं निघून गेली. पुढच्या स्टेशनात उतरलो तर फलाटाच्या भिंतीला पाठ लावून शांत उभी. रडणं नाही, घाबरणं नाही. "सर, तुमीच म्हणला होता हलू नको म्हणून."

५. कडक भाकरी न्या, पेढे नेऊ नका

मांस आणि दुधाचे पदार्थ आपल्याकडून ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. म्हणजे भगवंताच्या देवळासमोरचे पेढे, खव्याची पोळी, घरचं तूप घरीच ठेवायचं. भाजी-फळांनाही बंधनं आहेत. हे आई-आज्यांना पटवणं व्हिसापेक्षा अवघड. एका आजीनं तुपाची बरणी पिशवीच्या तळाला कपड्यात गुंडाळून ठेवली होती, ती निघायच्या आदल्या रात्री काढावी लागली.

आपल्याकडची कडक भाकरी मात्र या कामाला उत्तम. ज्वारीची, पापडासारखी पातळ थापलेली, पार वाळेपर्यंत शेकलेली. पंधरा दिवस काही होत नाही. फक्त मोडते, म्हणून स्टीलच्या गोल डब्यात कागद घालून रचायची. सोबत शेंगाची चटणी. दुपारी हाइड पार्कच्या हिरवळीवर बसून भाकरीचे तुकडे चटणीशी खाल्ले की पोट भरतं आणि दुपारच्या जेवणाचे पौंड वाचतात. संध्याकाळी गरम जेवण घ्यायचं. शाकाहारी पोरांचे लंडनमध्ये हाल होत नाहीत, वेम्बली आणि साउथॉलकडं तर आपल्या चवीचं हवं ते मिळतं. पण रोज तिकडंच पळायचं नाही. एक वेळ तिथली भाजलेल्या बटाट्याची अन् बीन्सची थाळी खाऊन बघायची, नाक न मुरडता.

६. दोन जागा, एक तारीख

प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड हे घर आहे. १९२१-२२ च्या सुमारास बाबासाहेब आंबेडकर तिथं राहिले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध चालू होता, त्याला १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली ते घर विकत घेतलं आणि १४ नोव्हेंबर २०१५ ला ते स्मारक म्हणून खुलं झालं. त्याच दिवशी थेम्सच्या काठी, अल्बर्ट एम्बँकमेंटवर, महात्मा बसवेश्वरांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. आम्ही दोन्ही ठिकाणी एकाच दिवशी गेलो.

घराचा विषय घेतलेला मुलगा कसबे तडवळ्याचा, बार्शीला शिकायला येणारा. तडवळं बार्शी लाईटच्या वाटेवरचं गाव. १९४१ मध्ये तिथं महार-मांग वतनदार परिषद झाली आणि बाबासाहेब तिला आले होते. त्याच्या घरात ती आठवण आजही सांगितली जाते. हा मुलगा सगळ्या प्रवासात बडबड्या, पण त्या घराच्या जिन्यात बोलता बोलता दोनदा थांबला. त्यानं सांगितलं ते असं: बाबासाहेब सकाळी ग्रंथालय उघडायच्या वेळेला जाऊन उभे राहायचे, ते बंद होईपर्यंत वाचायचे आणि पोटाला पुरेसं मिळत नसायचं. मग तो म्हणाला, "आपण इथं दहा मिनिटं फोन बंद ठेवून बसू." सगळे बसले. मला त्यात काही सुचवावं लागलं नाही.

बसवेश्वरांच्या पुतळ्यापाशी मंगळवेढ्याला आजोळ असलेली मुलगी बोलली. कलचुरी राजवटीत मंगळवेढा राजधानी होतं, बसवेश्वर कल्याणला जाण्याआधी तिथं होते. समोर नदीपलीकडं ब्रिटिश संसद दिसते. बाराव्या शतकात सगळ्या जातीची बायका-माणसं एकत्र बसून ज्या अनुभवमंटपात चर्चा करायची, त्याबद्दल ती संसदेकडं हात करून बोलत होती. हा पुतळा ज्या बाजूला आहे तिकडं सहलीच्या बस सहसा थांबत नाहीत. आपण चालत जावं. वेस्टमिन्स्टर पुलावरून नदीच्या कडेकडेनं वाट आहे.

आंबेडकरांच्या घराच्या भेटीच्या वेळा आधी तपासून, कळवून जा. मोठा घोळका एकदम आत सोडत नाहीत, खोल्या लहान आहेत.

७. संग्रहालयात एकच दालन

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम पाहायची सगळ्यांना घाई, कारण वाघनखं. पण ती २०२४ च्या जुलैत तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली आणि साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली गेली. हा विषय घेतलेल्या मुलीनं ते आधीच शोधून काढलं होतं, म्हणून आम्ही निघण्यापूर्वी साताऱ्याला जाऊन आलो. लंडनमध्ये तिनं मग दुसरी गोष्ट सांगितली: साताऱ्याला रेसिडेंट असलेला, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ, आणि त्याच्या घराण्याकडून संग्रहालयाला गेलेली ती वाघनखं. वस्तू कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेली, आणि संग्रहालय स्वतः तिच्याबद्दल किती जपून लिहितं, हे वाचायला शिकायचं असा तिचा आग्रह होता. समोर टिपूचा लाकडी वाघ होता, १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं तेव्हाचा. त्याच एका दालनात दुपार गेली. ब्रिटिश म्युझियमही असंच, एक दालन. दिवसभरात सगळं बघतो म्हणणाऱ्याच्या हाती दुखणारे पाय येतात.

८. घरी फोन दुपारी करा

जूनमध्ये लंडनला सूर्य सव्वानऊच्या पुढं मावळतो. पोरांना वाटतं संध्याकाळ झाली, घरी बोलावं. तेव्हा बार्शीत मध्यरात्र उलटून गेलेली असते, आणि एवढ्या रात्री फोन वाजला की आई-बापाच्या काळजाचं पाणी होतं. उन्हाळ्यात फरक साडेचार तासांचा. लंडनला दुपारचे तीन म्हणजे घरी साडेसात, रानातून माणसं परतलेली. तीच वेळ ठरवून दिली.

हा हिशेब ग्रीनिचला पक्का झाला. गणिताची आवड असलेल्या एका मुलीनं शून्य रेखावृत्ताच्या पट्टीवर उभं राहून तोंडी मांडला. बार्शी साधारण ७५.७ अंश पूर्वेला. दर अंशाला चार मिनिटं. म्हणजे बार्शीचा सूर्य ग्रीनिचच्या पाच तास तीन मिनिटं पुढं. पण आपलं घड्याळ ८२.५ अंशावरचं, साडेपाच तास पुढं. म्हणून बार्शीत सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात बहुधा साडेबाराच्या आसपास वाजलेले असतात. भूगोलाच्या पुस्तकात हे सगळ्यांनी पाठ केलं होतं. तिथं मात्र वैरागच्या एका पोरानं लगेच घरी फोन लावून आबांना सांगितलं, की आपल्या रानातलं भर दुपारचं ऊन बारा वाजता का नसतं.

९. परतल्यावरचं काम सहलीइतकंच मोठं

निघण्याआधीच प्रत्येकाकडून कबूल करून घेतलं होतं, की परतल्यावर आपल्या गावच्या शाळेत तास घ्यायचा. उपळे दुमाला, पानगाव, आगळगाव, वैराग, जिथला जो असेल तिथं. फोटो कमी, गोष्ट जास्त. भेटवस्तू, चॉकलेटं वाटायची नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोरांनी विचारलेले प्रश्न वहीत उतरवून आणायचे. ते प्रश्न मी वाचले तेव्हा वाटलं, पुढची तुकडी यांच्यातूनच निवडावी. सहावीतल्या एका मुलीनं विचारलं होतं: बार्शी लाईटचा फायदा लंडनला गेला का बार्शीला राहिला? याचं उत्तर आमच्यातल्या कुणाकडं तयार नव्हतं. दोघंजण आता त्या कंपनीचे जुने अहवाल मिळवायच्या मागं लागले आहेत. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचं दप्तर आहे, तिथून सुरुवात करा असं मी सुचवलंय.

पुढच्या तुकडीला कुणी सिंगापूर सुचवतंय, कुणी दुबई. मी एवढंच विचारतो, तिथं आपलं काय आहे ते आधी शोधून आणा. एका मुलीनं न्यूयॉर्कचं नाव काढलं, कारण १९१३ ते १९१६ बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात होते. दुसरी मॉस्कोवर अडून बसली आहे. अण्णाभाऊ साठे १९६१ मध्ये रशियाला जाऊन आले, आणि त्यांच्यासोबत डफ घेऊन महाराष्ट्रभर फिरलेले शाहीर अमर शेख मूळचे बार्शीचेच, असं तिचं म्हणणं. यादी अजून वाढतेय. तोवर नव्या पोरांचे दाखले, आधार आणि गुणपत्रिका मागवल्या आहेत. येत्या रविवारी सतरंजीवर मांडून नावं ताडायला बसणार आहोत.